लाट कुठे फुटते? : खडकवासला ते हरिहरेश्वर

गुरुवार, खडकवासला

“कोकणात जायचं तर पौड रस्ता धर. सिंहगड रोडला काय काम?” बहिणीने विचारलं. काम होतं. पुण्यापासून समुद्र सरळ रेषेत मोजला तरी शंभरेक किलोमीटर लांब, पण देशातल्या कितीतरी बंदरांवर येणाऱ्या लाटा आधी खडकवासल्याला तयार करून पाहिल्या जातात. धरणाच्या थोडं अलीकडे, रस्त्याला लागूनच केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. आपण सगळे त्याला सीडब्ल्यूपीआरएस म्हणतो. १९१६ साली मुंबई इलाख्याच्या सरकारने पाटबंधाऱ्यांच्या प्रश्नांसाठी सुरू केलेलं हे काम पुढे केंद्र सरकारकडे गेलं. नद्या, धरणं, बंदरं, किनारे यांच्या छोट्या प्रतिकृती बांधून इथे त्यांचा अभ्यास होतो. मी शाळेत भूगोल शिकवते आणि भाचा सिव्हिलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याच्या वर्गाबरोबर मलाही आत जायची परवानगी मिळाली, म्हणून सहलीचा पहिला दिवस इथे.

काचेच्या भिंतींचा लांबलचक, अरुंद हौद. एका टोकाला उभी फळी मागेपुढे हलते आणि तिच्यापासून लाटा सुटतात. दुसऱ्या टोकाला दगडांचा उतार. किनाऱ्यावर उभं राहिलं की आपल्याला लाटेचा माथा आणि पुढची बाजू दिसते, तिचं पोट कधी दिसत नाही. इथे ते बाजूने, काचेतून दिसतं. पाण्यात तरंगणारा एक बारीक कण मी नजरेने धरून ठेवला. लाटेचा माथा आला तेव्हा तो वर चढत पुढे गेला, माथा निघून गेल्यावर खाली उतरत मागे आला आणि जवळपास पहिल्याच जागी थांबला. लाट पार पलीकडे पोचली होती, कण मात्र तिथेच गोल फिरून उभा. प्रवास ऊर्जेचा होतो, पाण्याचा नाही, हे वाक्य मी वर्षानुवर्षं वर्गात सांगत आले आहे. काचेला नाक लावून ते घडताना बघणं वेगळंच. खालचे कण लहान वर्तुळात फिरत होते, त्याहून खालचे आणखी लहान. लाटेच्या लांबीच्या निम्म्या खोलीवर ही हालचाल जवळजवळ संपते. ही निम्मी लांबी लक्षात ठेवायची, कारण लाट पुढे फुटणार की नाही हे तिथून ठरायला लागतं.

माहिती देणाऱ्या संशोधक बाईंनी मापांचा हिशेब समजावला. प्रतिकृती ३६ पट लहान केली तर काळ ३६ पट लहान होत नाही, त्याच्या वर्गमुळाइतका, म्हणजे ६ पट लहान होतो. खऱ्या समुद्रात १२ सेकंदांनी येणारी लाट हौदात २ सेकंदांनी सोडायची. वजनाला मात्र ३६ चा घन लावायचा. लाटा अडवायला टाकतात तो १० टनांचा काँक्रीटचा टेट्रापॉड हौदात सुमारे २१५ ग्रॅमचा. त्यांनी एक माझ्या हातावर ठेवला. मरीन ड्राइव्हला ज्यांच्यावर बसून लोक भुईमूग खातात त्याच चार पायांच्या आकाराचा, तळहातावर मावणारा. कुठलेही तीन पाय टेकवले की चौथा सरळ वर. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथल्या जलप्रयोगशाळेत १९५० साली हा आकार निघाला. ढिगात टाकले की टेट्रापॉड एकमेकांत अडकतात, पण मध्ये भरपूर पोकळी उरते. लाट त्या पोकळ्यांत शिरते, तुकडे तुकडे होते आणि तिचा जोर तिथेच जिरतो.

“मॅडम, सपाट भिंत बांधली तर?” भाच्याने विचारलं. बाईंनी उत्तर काचेकडे बोट दाखवून दिलं. सपाट भिंतीवर आलेली लाट जवळजवळ जशीच्या तशी उलटी फिरते. येणारी आणि परतणारी एकमेकींवर चढतात आणि भिंतीसमोरचं पाणी येणाऱ्या लाटेच्या जवळपास दुप्पट उंचीने खाली-वर व्हायला लागतं. तळाशी वाळू असेल तर ती टिकत नाही.

इथे एक गोष्ट मात्र खरी उतरत नाही, ती म्हणजे फेस. पाणी ३६ पट लहान करता येतं, पण पाण्याचा पृष्ठताण लहान करता येत नाही. त्यामुळे हौदातली लाट फुटते तेव्हा हवा नीट आत घेत नाही. शिवाय गोड्या पाण्यातले बुडबुडे एकमेकांत मिसळून मोठे होतात आणि लगेच वर येऊन फुटतात. मिठाच्या पाण्यात ते बारीक राहतात, जास्त वेळ टिकतात. समुद्राचा पांढरा, दाट, बराच वेळ रेंगाळणारा फेस बघायचा तर समुद्रावरच जायला हवं.

परतताना धरणाच्या चौपाटीवर थांबलो. कणीस खाताना तलावाच्या लाटा बघत बसलो. वारा बरा होता, तरी लाट वीतभरही नाही आणि एकीमागून दुसरी सेकंद-दोन सेकंदांत. लाट किती मोठी होणार हे तीन गोष्टी ठरवतात: वाऱ्याचा वेग, तो किती वेळ वाहिला आणि किती लांबीच्या पाण्यावरून वाहिला. खडकवासल्यात तिसरी गोष्टच तोकडी. अर्थात या पाण्याला कमी लेखावं असं कुणी पुणेकर म्हणणार नाही. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, त्या लोंढ्याने हे धरणही फोडलं, आणि आमच्या घरातली मोठी माणसं अजून ‘पुराच्या आधी’ आणि ‘पुराच्या नंतर’ असंच बोलतात.

शुक्रवार, दिवेआगर

चांदणी चौकातून पहाटे निघालो. मुळशी, ताम्हिणी, माणगाव, म्हसळा. ताम्हिणीत पाऊस संपून महिना झाला असेल नसेल, कडे अजून हिरवे होते. वाटेत पोहे खाल्ले. बाकी रस्त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. सुपारीच्या वाडीतल्या घरगुती मुक्कामी पोचलो तेव्हा दुपारच्या जेवणाची वेळ झाली होती.

कोजागिरीचा दिवस मी मुद्दाम धरला होता. पौर्णिमेला आणि अमावास्येला उधाणाची भरती असते. पाणी खूप वर येतं आणि ओहोटीला तितकंच खाली जातं, त्यामुळे एरवी झाकलेला तळ उघडा पडतो. कोकणातला भरतीचा हिशेब सोपा आहे. तिथीची पाऊणपट करायची. चतुर्थीला ३ वाजता, अष्टमीला ६ वाजता, पौर्णिमेला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. त्यात सहा तास मिळवले की ओहोटी. म्हणजे आज पाच-साडेपाचला पाणी सगळ्यात मागे हटलेलं असणार होतं.

तसंच झालं. सुरूच्या बनातून बाहेर आलो तर समोर ओल्या वाळूचं भलंमोठं सपाट अंगण आणि पाणी पार लांब. दिवेआगरची पुळण अशी मंद उताराची आहे की समुद्रात चालत गेलं तरी बराच वेळ पाणी गुडघ्याच्या वर येत नाही. भाच्याने घड्याळ लावून ठेवलं. एका जागेवरून दहा माथे मोजायचे आणि लागलेल्या वेळेला दहाने भागायचं. उत्तर आलं १२ सेकंद.

या १२ सेकंदांतून काय काय निघतं! खोल समुद्रात लाटेची लांबी मीटरमध्ये काढायची तर सेकंदांचा वर्ग करून त्याला १.५६ ने गुणायचं. १४४ गुणिले १.५६ म्हणजे सुमारे २२५ मीटर. दोन माथ्यांमध्ये सव्वादोनशे मीटर! अशी लाट या किनाऱ्यासमोरच्या वाऱ्याने तयार होत नाही. त्या संध्याकाळी तर वारा जवळजवळ पडलेलाच होता. ही लाट लांबून आलेली. दक्षिण गोलार्धात चाळिसाव्या अक्षांशाच्या खाली वर्षभर वादळं घोंघावतात, तिथली ऊर्जा अशी शिस्तीत, लांबच लांब लाटांच्या रूपाने उत्तरेकडे निघते. १२ सेकंदांच्या लाटांचा ताफा खोल पाण्यात ताशी सुमारे ३४ किलोमीटर वेगाने सरकतो, म्हणजे दिवसाला ८०० किलोमीटर. तिथून रायगडपर्यंत साडेसहा हजार किलोमीटरच्या आसपास. आमच्या पायाला लागणारं पाणी इथलंच होतं, पण त्याला हलवणारा वारा कदाचित आठवडाभरापूर्वी अंटार्क्टिकाच्या वाटेवर कुठेतरी वाहून गेला होता. वॉल्टर मंक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली पॅसिफिकमध्ये ठिकठिकाणी मोजणी करून अशा लाटांचा माग दक्षिण महासागरापासून अलास्कापर्यंत काढला होता. आपल्याकडे हैदराबादची इन्कॉइस ही संस्था आता अशा लांबच्या लाटांचा अंदाज मच्छीमारांना आधीच कळवते.

आता कालची निम्मी लांबी. २२५ च्या निम्मे म्हणजे ११२ मीटर. समुद्र याहून उथळ झाला की लाटेला तळ जाणवायला लागतो. मुंबईसमोर भूखंडमंच, म्हणजे किनाऱ्यालगतचा समुद्राखालचा उथळ भाग, सुमारे ३०० किलोमीटर रुंद आहे, म्हणजे किनारा दिसायच्या कितीतरी आधीपासून ही लाट तळाशी घासत येते. उथळ पाण्यात तिचा वेग फक्त खोलीवर ठरतो. २ मीटर खोलीवर ताशी १६ किलोमीटर उरतो. पुढची लाट मंदावते, मागची अजून वेगात असते, म्हणून दोघींमधलं अंतर कमी होतं. तीच ऊर्जा कमी जागेत कोंबली जाते आणि लाट उंचावते. माथ्याखाली पाणी जास्त, समोरच्या खळग्याखाली कमी, म्हणून माथा खळग्यापेक्षा जोरात पुढे येतो. रस्त्याने भराभर चालताना पाय कशात तरी अडकला की धड पुढे जातं, तसं. माथ्यावरच्या पाण्याचा वेग लाटेच्या स्वतःच्या वेगापेक्षा जास्त झाला की ती फुटते.

कधी फुटते याचं एक ठोकळ माप आहे: लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या ०.७८ पट झाली की. जॉन मॅकॉवन यांनी १८९४ साली सपाट तळावरच्या एकट्या लाटेसाठी हे गणित मांडलं. वाळूच्या उतारानुसार आकडा कमी-जास्त होतो, पण अंदाजाला पुरतो. मीटरभर उंचीची, म्हणजे कमरेएवढी लाट जिथे फुटते तिथे पाणी १.३ मीटर, छातीएवढं. किनाऱ्यावर उभं राहून, पाय न भिजवता समुद्राची खोली मोजायचं याहून चांगलं साधन मला माहीत नाही.

कशी फुटते हे उतारावर आणि लाटेच्या चणीवर अवलंबून. स्पॅनिश अभियंता रामोन इरिबारेन यांच्या नावाचा एक अंक त्यासाठी वापरतात. उताराला, लाटेची उंची भागिले खोल पाण्यातली लांबी याच्या वर्गमुळाने भागायचं. दिवेआगरचा उतार पन्नासास एक धरला, लाट मीटरभर, लांबी २२५, तर उत्तर ०.३ येतं. अर्ध्याच्या खाली आलं की लाट माथ्यावरून सांडत, फेसाळत, हळूहळू येते. समोर नेमकं तेच चाललं होतं. उत्तर अर्धा ते तीनच्या आसपास आलं तर माथा पुढे कमान करून कोसळतो. त्याहून मोठं आलं तर लाट नीट फुटतच नाही, उतारावर नुसती चढते आणि परत येते.

इथवरचं सगळं पुस्तकात मिळतं. आता ज्यासाठी ही सहल ठरवली ते.

पांढऱ्या फेसाचा पट्टा किनाऱ्याला समांतर लांबवर गेला होता, पण एका ठिकाणी तो तुटलेला. वीस-पंचवीस पावलांची फट. तिथे लाटा फुटत नव्हत्या, पाणी गडद आणि शांत दिसत होतं. दोन पुरुष आणि तीन मुलं अंघोळीला नेमकी त्या जागेकडे निघाली होती. साहजिकच आहे. दोन्हीकडे धबधबा लाटा आणि मध्ये एक निवांत जागा दिसली की माणूस तिकडेच वळणार. आमच्याबरोबर आलेल्या मुक्कामाच्या काकांनी लांबूनच हाक मारून त्यांना थांबवलं. मग वाळूवर पडलेलं नारळाचं एक सोडण उचललं, गुडघाभर पाण्यात जाऊन फटीच्या तोंडाशी टाकलं आणि म्हणाले, “ताई, आता बघा.”

सोडण किनाऱ्याकडे आलं नाही. ते माणसाच्या चालीने सरळ समुद्रात निघालं. डाव्या-उजव्या बाजूला लाटा किनाऱ्याकडे येत होत्या आणि मधून हे उलट जात होतं. फेसाच्या रांगेपलीकडे पोचल्यावर त्याचा वेग कमी झाला आणि ते तिथेच खाली-वर होत राहिलं.

कारण असं. न फुटलेली लाट पाणी पुढे नेत नाही, हे काल हौदात पाहिलं. फुटलेली लाट मात्र नेते. ती आपला जोर पाण्याला देऊन टाकते आणि किनाऱ्यालगतची पातळी थोडी वर चढवते. माय्केल लाँग्यूट-हिगिन्स आणि रॉबर्ट स्ट्यूअर्ट यांनी १९६० च्या दशकात याचं गणित बसवलं. हे चढलेलं पाणी परत जायला वाट शोधतं. जिथे वाळूच्या दांड्यात, म्हणजे पाण्याखालच्या लांबट उंचवट्यात, खोलगट वाट असेल तिथे पाणी खोल असल्यामुळे लाट फुटत नाही, विरोध कमी पडतो आणि दोन्ही बाजूंचं साठलेलं पाणी तिथूनच बाहेर पडतं. शांत दिसणारी जागा ही परतीची वाट असते. पुस्तकात तिला रिप करंट म्हणतात, काका म्हणतात ‘ओढ’. तिचा वेग बऱ्याचदा सेकंदाला अर्धा ते एक मीटर असतो, कधी दोनच्याही पुढे जातो. साधारण पोहता येणारा माणूस सेकंदाला मीटरभर जेमतेम कापतो. म्हणजे तो जीव तोडून किनाऱ्याकडे हात मारतो, आहे तिथेच राहतो आणि दमतो. ही ओढ माणसाला खाली खेचत नाही, बाहेर नेते. बुडतो तो दमून आणि घाबरून.

म्हणून ओढीत सापडलं तर तिच्याविरुद्ध पोहायचं नाही. पाठीवर तरंगायचं, श्वास सांभाळायचा, हात वर करून मदत मागायची. पोहता येत असेल तर किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत फटीच्या बाहेर यायचं आणि जिथे लाटा फुटताहेत तिथून त्यांच्याबरोबर आत यायचं. दुसरं कुणी ओढीत गेलं तर रिकाम्या हाताने मागे उडी टाकायची नाही. बंद कॅन, दोरी, टायरची ट्यूब, तरंगणारं काहीही फेकायचं.

१ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजचे १४ विद्यार्थी गेले. सहलीला आलेली मुलं. तिथे नेमकं काय घडलं यावर मी बोलणार नाही, पण त्या दिवसापासून पुण्यातल्या प्रत्येक शाळा-कॉलेजात सहलीच्या आधी एक तास तरी फेसाचा पट्टा वाचायला शिकवायला हवा होता असं मला मनापासून वाटतं. आपण देशावरची माणसं. विहीर, नदी, फार तर तलाव. समुद्र आपण वर्षातून एकदा बघतो आणि गाडीतून उतरल्या उतरल्या कपड्यांसकट पाण्यात धावतो. किनाऱ्यांवर ‘धोका’ असे फलक असतात, पण त्यावर त्या दिवसाच्या भरती-ओहोटीच्या वेळा आणि तुटलेल्या पट्ट्याचं एक साधं चित्र असेल तर त्याचा उपयोग दसपट होईल.

ती मुलं नंतर काकांनी दाखवलेल्या जागी, घोट्याएवढ्या फेसात मनसोक्त खेळली. रात्री वाडीत काकूंनी मसाला दूध दिलं आणि लाटांचा आवाज तिथपर्यंत येत होता. तो आवाज मुख्यतः बुडबुड्यांचा. लाट फुटताना आत ओढलेली हवा बुडबुड्यांत अडकते आणि प्रत्येक बुडबुडा जन्मताना थरथरतो. मार्सेल मिनार्त यांनी १९३३ साली दाखवलं की लहान बुडबुड्याचा सूर उंच, मोठ्याचा खाली. मिलिमीटरभर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,३०० कंपनं करतो. लक्षावधी एकदम वाजले की ही गाज.

शनिवार, श्रीवर्धन आणि हरिहरेश्वर

दिवेआगरहून शेखाडीमार्गे श्रीवर्धनचा रस्ता समुद्राला चिकटून जातो. भाचा गाडी चालवत होता म्हणून मला नुसतं बघत बसता आलं. वरून लाटा किती वळतात ते दिसतं. उथळ भागातलं टोक आधी मंदावतं, खोल भागातलं पुढे जातं आणि सगळी रांग किनाऱ्याच्या आकाराप्रमाणे वाकते. समुद्रात घुसलेल्या खडकाळ टोकांवर ऊर्जा गोळा होते, आतल्या पुळणींवर ती पसरते. म्हणून टोकं झिजतात आणि मधल्या खोबणीत वाळू साठते. रायगडचा अख्खा किनारा हा असाच, टोक, पुळण, टोक, पुळण.

श्रीवर्धन म्हणजे बाळाजी विश्वनाथांचं गाव, त्यामुळे पुणेकराचे पाय तिथे थोडे रेंगाळतातच. पण मला आठवत होतं ते ३ जून २०२०. निसर्ग चक्रीवादळ याच पट्ट्यात जमिनीवर आलं आणि सुपारी-नारळाच्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या वाड्या काही तासांत आडव्या झाल्या. चहाच्या टपरीवर एका बागायतदाराने सांगितलं, नवी रोपं लावली आहेत, पण सुपारी धरायला वर्षं जातात.

कोकणात जागोजागी धूपप्रतिबंधक बंधारे दिसतात. घर किंवा रस्ता वाचवायचा असेल तर बंधाऱ्याला पर्याय नसतो, हे मान्य. पण जिथे मागे मोकळी जागा आणि सुरू-केवड्याची झाडी आहे तिथेही उभी भिंत घालणं मला पटत नाही. पावसाळ्यात उंच, दाटीच्या लाटा पुळणीवरची वाळू उचलून आत नेतात आणि तिचाच दांडा करतात. हिवाळ्यात मंद लाटा तीच वाळू पुन्हा वर आणून टाकतात. हा देवघेवीचा व्यवहार आहे. मध्ये उभी भिंत आली की लाट परतते, पायथ्याची वाळू उकरली जाते आणि भिंतीसमोर पुळण उरत नाही. पुदुच्चेरीत १९८० च्या दशकात बंदराच्या भिंती समुद्रात गेल्या, किनाऱ्याने उत्तरेकडे सरकणारी वाळू त्यांनी अडवली आणि शहरासमोरची पुळण नाहीशी झाली. खडकवासल्यातला उतरता, पोकळ्यांचा ढीग सपाट भिंतीपेक्षा पुष्कळ बरा, आणि झाडीसमोरची मोकळी वाळू त्याहूनही बरी.

प्रतिपदा, म्हणजे भरती पाऊण वाजता. आम्ही हरिहरेश्वरला बाराच्या आधी पोचलो. दर्शन घेतलं. प्रदक्षिणेची वाट भरतीला बंद असते, म्हणून वरूनच पाहिलं. कालची ती सांडत येणारी लाट आणि ही एकच म्हणून कुणी सांगितलं तर विश्वास बसणार नाही. इथे पुळण नाही, एकदम खडक. लाट शेवटपर्यंत उभी राहते, मग पुढे वाकते, तिच्या पोटात हवा कोंडली जाते आणि ती खडकाच्या भेगेत आवळली जाते. धप्प असा आवाज आधी पायाला कळतो, मग कानाला. कोंडलेली हवा सुटताना भेगेला आतून फाकवते. स्कॉटलंडमध्ये दीपगृहं बांधणाऱ्या थॉमस स्टीव्हन्सन यांनी १८४० च्या दशकात स्प्रिंगचं एक उपकरण खडकांना ठोकून लाटेचा दाब मोजला. स्केरीव्होरला १८४५ साली मिळालेला मोठ्यात मोठा आकडा दर चौरस मीटरला सुमारे ३० टन.

खाली ओल्या खडकावर फोटो काढायला उतरलेल्या एका जोडप्याला पुजारी ओरडून बोलावत होते. लाटा सारख्या उंचीच्या येत नाहीत. दोन-तीन लाटताफे एकत्र आले की अधूनमधून थोरल्या लाटांचा गट येतो, मग पुन्हा शांतता. पाच मिनिटं कोरडा दिसलेला खडक सहाव्या मिनिटाला पूर्ण धुतला जातो. ते दोघं वर आले आणि थोड्याच वेळात ती जागा पाण्याखाली गेली.

रविवार, हरिहरेश्वर ते पुणे

सकाळी सातला ओहोटी. पायऱ्या उतरून गणेशगल्लीच्या अरुंद फटीतून खाली आलो आणि काल जिथे पाणी फुटत होतं त्याच कातळावर चालायला लागलो. समुद्राने पायथा कापून काढलेला हा रुंद ओटा. बाजूच्या कड्यावर बेसॉल्टमध्ये जाळीदार खळगे, एकाला एक लागून, मधल्या भिंती बोटाएवढ्या जाड. लोक म्हणतात लाटांनी कोरलं. लाटांचा हात त्यात आहे, पण आडून. तुषार खडकाच्या छिद्रांत शिरतात, पाणी वाळतं, मिठाचे स्फटिक वाढतात आणि कण कण सुटा करतात. मी खळग्यात बोट फिरवलं तर करडी पूड हाताला लागली, चवीला खारट.

चष्मा काढून पाहिला तर काचेवर धुरकट ठिपके. भिंगाखाली धरले. प्रत्येक ठिपक्याच्या मध्यभागी बारीक, चौकोनी, कडा धारदार असलेले मिठाचे घन. बुडबुडा पृष्ठभागावर येऊन फुटतो तेव्हा त्याच्या पापुद्र्याचे तुकडे उडतात आणि खालच्या खळग्यातून पाण्याची बारीक चिळकांडी वर उसळते. ते थेंब हवेतच वाळतात आणि उरलेला मिठाचा कण वाऱ्याबरोबर चढतो.

परतीच्या वाटेवर ताम्हिणीत ढग उतरले होते. नुसत्या वाफेचा सहजासहजी थेंब होत नाही, तिला धरायला कण लागतो. धूळ, धूर, गंधकाचे कण हे काम करतात, पण ओलावा सगळ्यात चटकन ओढतं ते मीठ. जूनमध्ये अरबी समुद्रावर वारा खवळतो, भर समुद्रात लाटा फुटतात, आणि तिथले हे कण नैर्ऋत्येच्या वाऱ्याबरोबर सह्याद्रीवर येतात. पुढे मुळशी, पिरंगुट करत चांदणी चौकातून पाषाणला उतरलो. तिथल्या उष्णदेशीय हवामान संस्थेत, आयआयटीएममध्ये, ढगांचा हाच अभ्यास चालतो आणि महाबळेश्वरला तिची ढगांची प्रयोगशाळा आहे. भाच्याला आता तिथेही जायचं आहे.

घरी पोचते तर शेजारच्या वहिनी दारात. त्या पुढच्या शनिवारी मुलांना घेऊन हरिहरेश्वरला निघाल्या आहेत आणि पाण्यात कधी उतरायचं ते त्यांना हवं होतं. कालनिर्णय काढलं. शनिवारी वद्य अष्टमी. आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सकाळी सहा आणि संध्याकाळी सहा, ओहोटी दुपारी बाराच्या सुमाराला. प्रदक्षिणा अकरा ते एक, तीही देवळात विचारूनच, कारण अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी असते आणि पाणी फारसं मागे हटत नाही.

“आणि मुलांना किती आत सोडू?”

“आधी दहा मिनिटं नुसतं बघा, वहिनी. फुटून आलेला फेस त्यांच्या गुडघ्याच्या खाली राहील तिथपर्यंत. फेसाचा पट्टा कुठे तुटलेला दिसला तर त्याच्यापासून दोन्हीकडे पन्नास पावलं लांब. आणि चार वाजले की बाहेर, तेव्हा पाणी चढत असेल.”

त्यांनी ते फोनवर टिपून घेतलं आणि तुटलेला पट्टा म्हणजे नेमका कसा, ते कागदावर काढून मागितलं.